साहेबांसाठी मागणारी रूथआत्या

तहसील कचेरीत माणूस रिकाम्या हातानं जात नाही. हातात अर्ज असतो, अर्जाची झेरॉक्स असते आणि जमलं तर बरोबर एखादा ओळखीचा माणूस असतो. रूथआत्या रिकाम्या हातानं जायची. पांढरी काठाची साडी, पायात नर्सच्या नोकरीत सवयीच्या झालेल्या पट्ट्याच्या चपला. शिपायाला गाठून विचारायची, "नवीन साहेब आलेत म्हणं. नाव काय त्यांचं? नुसतं आडनाव नगं, बापाच्या नावासकट सांग." शिपाई बिचकायचा. साहेबाचं नाव बापाच्या नावासकट विचारणारा माणूस तक्रार करायलाच आलेला असतो, असा त्याचा अनुभव. मग ती आत जायची आणि टेबलासमोर उभी राहून म्हणायची, "मी इथल्या चर्चमधली. रविवारी तुमच्यासाठी मागणार हाय. काय मागू?"

बहुतेक साहेबांना प्रश्नच कळायचा नाही. वर्गणीचं पावतीपुस्तक निघेल या भीतीनं एकानं आधीच फोन उचलून कानाला लावला होता. एकानं मात्र लगेच सांगितलं, "घराजवळ बदली मागा, बाई." आत्यानं प्रार्थनेत मागितली आणि चारसहा महिन्यांत ती झाली. लातूरला बऱ्याच वर्षांत मिळालेला एक बरा अधिकारी तेवढा गेला. मी तिला म्हणालो, "आत्या, हे काय करून बसलात?" ती म्हणाली, "त्याची आई आंधळी होत चालली हाय, विनू. तुला रेशनकार्डाची पडली."

मला या बाईचा फार राग यायचा. ती गेली तरी तो गेलेला नाही. तिच्याविषयी लिहायला बसलो आहे त्यात माया किती आणि राग किती, हे मलाही सांगता येणार नाही.

मी मूळचा मुदखेडचा, वडील रेल्वेत. फिजिक्स शिकवायला लातूरला आलो तेव्हा इथले क्लास अजून कुणाच्या तरी गच्चीवर पत्रे टाकून चालायचे. आत्या नात्यानं माझी कोणी नव्हती. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली, नवरा (आम्हा सगळ्यांचे दाजी) लवकर गेलेला, मूलबाळ नाही. अर्ध्या लातूरची बाळंतपणं तिच्या हातून झालेली, त्यामुळे रस्त्यानं चालताना तिला कोणी ना कोणी थांबवायचंच. चर्चमधले आम्ही सगळे तिला आत्या म्हणायचो आणि ती सगळ्यांना अरेतुरे करायची, पाळकसाहेबांना सोडून. त्यांनाही कधीकधी.

आमच्या उपासनेत प्रवचनानंतर अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना असते. राज्य करणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असं शास्त्रातच सांगितलेलं आहे. इतर ठिकाणी पाळक ती एका दमात उरकतात : देशाच्या सर्व नेत्यांना आणि अधिकाऱ्यांना सुबुद्धी दे. आमच्याकडेही पूर्वी तसंच होतं. आत्यानं ते बंद पाडलं. तिचं म्हणणं, "सुबुद्धी दे म्हंजे काय? ते बुद्धीनं कमी हायत असं देवाला सांगायचं? चहाडी झाली ती." तेव्हापासून ती प्रार्थना तिच्याकडे आली ती कायमची. ती उभी राहायची, डोळे मिटायची आणि जिल्हाधिकाऱ्यापासून सुरुवात करायची. पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार, वीज मंडळाचा अभियंता, सगळे बापाच्या नावासकट. शेवटी पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन. तो कसला अधिकारी, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "लातुरात ऱ्हातोस ना? मग त्याच्याहून मोठा हुकूम कुणाचा चालतो ते सांग." आमच्या गल्लीत पाणी आठवडा आठवडा यायचं नाही.

ही प्रार्थना इतकी लांबायची की मागच्या बाकांवरच्या बायका घरी मंद आचेवर ठेवून आलेल्या मटणाच्या काळजीनं चुळबुळ करायला लागायच्या. त्यात एकदा घोटाळा झाला. पाणीपुरवठ्याच्या एका बड्या अभियंत्यानं, काय मागू म्हटल्यावर, बिचाऱ्यानं मन मोकळं करून आपली मूळव्याध सांगितली. आत्या नर्स. तिला त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही. रविवारी भरल्या चर्चमध्ये तिनं खणखणीत आवाजात त्यांच्या नावानिशी मूळव्याध देवापुढे मांडली. सोमवारी ती गोष्ट त्यांच्या ऑफिसात पोचली होती. आत्या स्वतः जाऊन माफी मागून आली आणि तेव्हापासून तिनं पद्धत बदलली. नाव मोठ्यानं घ्यायची आणि मागणं मनात करायची. एक नाव, मग शांतता. पुन्हा एक नाव, पुन्हा शांतता. प्रार्थना आणखीनच लांबली.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. माझा राग सुरू झाला तो किल्लारीच्या भूकंपात.

त्या दिवसांत आमच्या चर्चच्या मंडळीनं चादरी आणि भाकरी गोळा केल्या आणि आम्ही काही जण औसा तालुक्यात गेलो. आत्या जखमा बांधायला बरोबर होती. तिचा धाकटा भाऊ शमुवेल तिथल्याच एका गावात राहायचा. माणसं वाचली होती, घर मात्र दगडमातीचा ढीग झालं होतं. गावाबाहेर तंबू ठोकून एक तरुण तहसीलदार बसला होता. त्याच्याभोवती माणसांचं मोहोळ. कुणाला पत्रे हवेत, कुणाला धान्य, कुणाला आपलं माणूस. लोक त्याला शिव्या घालत होते, एकानं तर त्याची कॉलर धरली. आत्या त्या गर्दीत शिरली तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, आता ही शमुवेलकाकांसाठी पत्र्याच्या शेडचं बोलेल. तिनं त्याला नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं आणि म्हणाली, "काय मागू तुमच्यासाठी?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "झोप मागा." एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं, कारण त्याला रडू आलं होतं. आत्यानं तिथंच, त्या गोंगाटात, त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्यानं डोळे पुसले आणि तिला विचारलं, "बाई, तुमचं काही काम आहे का इथं?"

मी शेजारी उभा होतो. आत्या म्हणाली, "न्हाई साहेब. माझं काय काम न्हाई."

शमुवेलकाकांना शेड मिळालं, पण सगळ्यांच्या शेवटी. तोवर त्यांच्या लेकरांनी थंडी ताडपत्रीखाली काढली. त्या दिवशी परतीच्या जीपमध्येच मी तिच्यावर अक्षरशः ओरडलो होतो. ती शांतपणे म्हणाली, "ज्याच्यासाठी मागायचं, त्याच्याकडं मागायचं न्हाई. माझा नेम हाय तो."

"कुणी घालून दिला हा नेम?"

"माझ्या मनानं. तू म्हनतोस तसं केलं तर प्रार्थना ऱ्हात न्हाई बाबा, बिल होतंय. आधी प्रार्थना पुढं करायची, मागनं हात."

"आणि भावाची पोरं गारठली तर?"

"त्याच्यासाठी मी दुसऱ्या कुणाकडं बी जाईन. जिल्ह्याला जाईन, मुंबईला जाईन. ह्याच्याकडं न्हाई."

ती खरोखरच गेली. दुसऱ्या खात्यांत खेटे घातले, घरातली भांडी आणि आपली गोधडी भावाला नेऊन दिली. पण ज्याच्या एका सहीनं काम झालं असतं, त्याच्याकडे तोंड उघडलं नाही. शमुवेलकाका तिच्याशी कित्येक वर्षं नीट बोलले नाहीत. मी त्यांच्या बाजूचा होतो. आजही आहे.

पुढं लातूर बघता बघता बदललं. बोर्डाच्या परीक्षेत इथली पोरं चमकायला लागली आणि नांदेड, परभणी, पार आंध्राच्या हद्दीपर्यंतचे आईबाप पोरांना घेऊन इथं उतरू लागले. गच्चीवरच्या क्लासांच्या इमारती झाल्या. जिथं तुरीची शेतं होती तिथं होस्टेलं, मेस आणि झेरॉक्सची दुकानं आली. माझंही बरं चाललं, खोटं कशाला बोलू. पण याच लाटेत आमची दफनभूमी बुडाली.

दफनभूमी निजामाच्या काळापासून गावाबाहेर होती. तिला जायला एका शेतातून गाडीवाट होती. वाट वहिवाटीची, कागदावर तिचा पत्ता नाही. गाव वाढत वाढत तिथं पोचलं. ते शेत आमच्याच वॉर्डाचे नगरसेवक बाबूअण्णा यांनी घेतलं, त्यावर मुलींचं होस्टेल काढलं आणि चारी बाजूंनी भिंत घातली. वाट भिंतीच्या आत गेली. दफनभूमीच्या दुसऱ्या अंगाला नाला आणि उरलेल्या दोन बाजूंना लोकांची घरं. आमच्यातले एक म्हातारे त्यानंतर महिनाभरानं वारले, तेव्हा आम्ही शवपेटी खांद्यावर घेऊन नाल्याच्या गुडघाभर घाण पाण्यातून गेलो. त्यांचा मुलगा पुढं होता आणि पाय घसरू नये म्हणून मोठमोठ्यानं "सावकाश, सावकाश" म्हणत होता. तो आवाज माझ्या कानांतून अजून जात नाही.

त्याच रविवारी आत्यानं प्रार्थनेत बाबूअण्णांचं नाव घेतलं. बापाच्या नावासकट, नेहमीसारखं, आणि मग नेहमीपेक्षा जास्त वेळ शांतता. म्हाताऱ्यांचा मुलगा उठून बाहेर निघून गेला. त्याच्यामागं मीही उठलो.

मंडळीचा चिटणीस म्हणून अर्ज मी लिहायचो. नगरपालिकेला लिहिले, जिल्हाधिकाऱ्यांना लिहिले, मोर्चाही काढला. आमची मतं ती किती, मोर्चा बघायला थांबलेली माणसं मोर्चापेक्षा जास्त होती. पुढच्या निवडणुकीत बाबूअण्णा नगराध्यक्ष झाले. मी आत्याच्या घरी गेलो. आत्या आणि बाबूअण्णा यांची ओळख जुनी. त्यांचा एकुलता एक मुलगा तिच्या हातावर जन्मलेला, नाळ गळ्यात अडकलेली असताना तिनं जगवलेला. नाताळ झाला की ती त्यांच्या बंगल्यावर जायची, काय मागू विचारायची आणि चहा घेऊन यायची. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "आत्या, एक शब्द टाका. तुमचं तो ऐकेल."

"ऐकंल की."

"मग?"

"म्हनूनच न्हाई टाकायचा. आजपर्यंत त्याच्या दारात मी एकटीच काय न मागता जात आले. मी बी मागितलं तर त्याला वाटंल, ही बी एवढ्याचसाठी येत हुती."

"त्याला काय वाटायचं ते वाटू दे. आमची मढी नाल्यातून जातात."

"तुम्ही मागा ना. तुम्ही भांडा, कोर्टात जावा. मी अडवलंय का? मी बी मोर्च्यात चालले की तुमच्यासंगं." हे खरं होतं. गुडघे दुखत असताना ती शेवटपर्यंत चालली होती, आणि मोर्चा ज्यांच्याविरुद्ध होता त्यांच्यासाठी रविवारी पुन्हा प्रार्थना केली होती. अशा माणसाचं काय करायचं?

शेवटी मी वर्मावर बोट ठेवलं. "आत्या, दाजी तिथं आहेत. त्यांच्याशेजारची जागा तुम्ही राखून ठेवली आहे. तुम्हाला आम्ही न्यायचं कसं?"

तिनं पदरानं चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाली, "त्यांच्याशेजारी निजावं असं लई वाटतं रे, विनू. रोज वाटतं. पन त्याच्यापायी नेम मोडला तर उद्या डोळे मिटून नाव कुठल्या तोंडानं घेऊ?"

मी चहा न घेताच उठलो.

आत्या गेली ती पावसाळ्यात. दोन दिवस ताप आला आणि संपलं. लातूरला पाऊस पडत नाही म्हणून आम्ही वर्षभर रडतो आणि नेमका त्या आठवड्यात नाला दुथडी भरून वाहत होता. आम्ही होस्टेलच्या फाटकाशी गेलो. वॉचमन हात जोडून म्हणाला, "साहेब गावात न्हाईत. मी उघडलं तर माझी नोकरी जाईल." आत मुली राहतात, परीक्षा चालू आहे, वगैरे. फाटकाच्या गजांतून पलीकडची भिंत दिसत होती आणि भिंतीवरून दाजींच्या कबरीजवळचा लिंब दिसत होता. शवपेटी गाडीत आणि आम्ही पावसात. कुणीतरी जिल्हाधिकाऱ्यांच्या बंगल्यावर फोन केला. साहेब मीटिंगमध्ये होते. त्यांचंही नाव आत्यानं गेल्याच रविवारी घेतलं होतं.

तेवढ्यात शमुवेलकाका पुढं आले. आता तेही म्हातारे झाले होते. म्हणाले, "गाडी फिरवा. आमच्या गावाला न्या. तिनं माझ्या पत्र्यासाठी शब्द टाकला न्हाई, पन मी काय तिला बाहेर ठेवनार न्हाई." भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या त्या गावाच्या माळावर, नवऱ्यापासून इतक्या लांब, आम्ही तिला मातीआड केलं. मी रडलो नाही. मी इतका चिडलो होतो की रडायला जमलंच नाही.

बाबूअण्णा गावी परतल्याचं कळलं त्या दिवशी मी त्यांच्या बंगल्यावर गेलो. भांडायलाच गेलो होतो. त्यांनी मला आतल्या खोलीत बसवलं. थकलेले दिसत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "बाई गेल्या, मला उशिरा समजलं. फाटकाचंही समजलं. लई वाईट झालं, सर."

"झालं नाही, तुम्ही केलंत," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "दर वर्षी यायच्या. मला वाटायचं आज रस्त्याचं काढतील. मी उत्तर बी तयार ठेवलं होतं. भिंत बांधताना एका बाजूनं गाडी जाईल एवढी पट्टी सोडायला सांगितली होती इंजिनिअरला. म्हटलं, बाई मागतील तेव्हा देऊ. बाई बोलल्याच न्हाईत. मग एका साली तिथं मेसची खोली काढली."

मला काय झालं ते सांगता येत नाही. पट्टी होती. मागण्याची वाट बघत होती. एक वाक्य, मराठीतलं साधं एक वाक्य, आणि ती आज लिंबाखाली असती. बाबूअण्णा खरं सांगत होते की आता सांगायला काही लागत नाही म्हणून सांगत होते, कोण जाणे. मी विचारलं, "आणि आमचे इतके अर्ज?"

"अर्ज तर सगळेच देतात," ते म्हणाले.

मग तेच पुन्हा बोलले. "काय मागू विचारायच्या. मी दर वेळी एकच सांगायचो. पोरगं. त्याला डॉक्टर करायचं म्हणून मी दोनदा परीक्षेला बसवला. जमलं न्हाई त्याला. मी चार लोकांत बोललो त्याला काय वाट्टेल ते. तवापासून पुण्यात हाय. फोन उचलत न्हाई. आईशी बोलतो, माझं नाव काढलं की ठेवतो." गळ्याशी हात नेऊन म्हणाले, "इथं नाळ अडकली होती त्याच्या. बाईंनीच सोडवली." आणि एकदम माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "सर, आता रविवारी माझं नाव कोण घेणार?"

त्या क्षणी माझ्यासमोर नगराध्यक्ष नव्हता. पोराच्या फोनची वाट बघणारा एक बाप होता. मी ते बघितलं, मला ते स्पष्ट दिसलं. आणि मी म्हणालो, "आधी रस्त्याचं बोला."

मी चिटणीस होतो. तिथं माझ्या मंडळीसाठी गेलो होतो. दुसरं काय म्हणायला हवं होतं, हे मला आजही कुणी सांगावं. पण बाबूअण्णांचा चेहरा कसा बदलला ते सांगतो. ते खुर्चीत मागं टेकले. चष्मा डोळ्यांवर आला. ओठांवर ते पोस्टरवरचं हसू आलं. "हां, मग असं बोला की," ते म्हणाले, आणि बाहेरच्या माणसाला हाक मारली. "सरांचा विषय पुढच्या बैठकीला घ्या रे." मला दारापर्यंत सोडायलाही आले.

पुढची बैठक झाली. त्याच्या पुढचीही झाली. मेसची खोली आहे तिथंच आहे.

त्या भेटीनंतर आलेल्या रविवारी प्रवचनानंतर आत्याची वेळ आली आणि कुणीच उठेना. पाळकसाहेबांनी इकडं तिकडं बघितलं. मी उठलो. जिल्हाधिकाऱ्यांपासून सुरुवात केली. अर्ध्या साहेबांच्या वडिलांची नावं मला येत नव्हती, तिथं अडखळलो. व्हॉल्व्हमनचं नाव मात्र बरोबर घेतलं. मग बाबूअण्णांचं नाव, बापाच्या नावासकट. दात आवळूनच घेतलं. मनात म्हणालो, देवा, त्यांच्या पोरानं एकदा फोन उचलू दे.

आणि मग तिथंच, डोळे मिटून, मी रस्ताही मागितला. ज्याच्यासाठी मागायचं त्या माणसाकडं मागायचं नाही एवढाच तिचा नेम होता. देवाकडं मागायला तिनं कधी मना केलं नव्हतं, आणि ती स्वतः त्या लांबलेल्या शांततेत काय काय मागत होती, हे मला कुठं ठाऊक आहे?

तेव्हापासून दर रविवारी मी या क्रमानं मागतो : आधी पोरगं, मग रस्ता. उपासना संपली की भिंतीपर्यंत जाऊन येतो. अजून ती उभी आहे. पोराचं काय झालं ते विचारायला मात्र नाताळ झाल्यावर बंगल्यावर जावं लागेल. रिकाम्या हातानं.